आमची वाटचाल : खतावणीपासून डीमॅक्सपर्यंत

"आमच्या गावच्या एक नंबर गुळाला यंदा वरचा दर काय गावला?" कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर शेतकरी हे विचारतोच. आधी आम्ही खतावणी चाळायचो, नंतर एक्सेलला फिल्टर लावायचो. आता डीमॅक्स (DMAX) वापरतो, म्हणजे दिलेल्या अटींत बसणाऱ्या नोंदींतला सर्वांत मोठा आकडा काढणारं एक्सेलचं सूत्र.

शीटमध्ये पाचव्या ओळीपासून सौद्याच्या नोंदी आहेत: तारीख, पावती, गाव, प्रत, रवे (गुळाच्या ढेपा), क्विंटलचा दर. वरच्या दोन ओळी अटींच्या. पहिलीत तीच शीर्षकं, दुसरीत अटी. डीमॅक्सला शीर्षकासकट नोंदींचा पट्टा, अवतरणात "दर" आणि अटींचा चौकोन, एवढं द्यायचं. एका ओळीतल्या सगळ्या अटी जुळाव्या लागतात. दोन ओळींत लिहिल्या तर कुठलीही एक जुळली तरी पुरे. म्हणूनच चौकोनात चुकून रिकामी ओळ आली की झाडून सगळ्या नोंदी पात्र ठरतात आणि भलताच दर येतो.

गावाच्या नावाला फार जपावं लागतं. अटीत नुसतं 'शिरोली' लिहिलं की 'शिरोली दुमाला'सुद्धा धरलं जातं, कारण एक्सेल त्या अक्षरांनी सुरू होणारं सगळं घेतं. नेमकं तेच गाव हवं तर खान्यात ="=शिरोली" असं लिहायचं. हंगामासाठी 'तारीख' हे शीर्षक शेजारी शेजारी दोनदा घेऊन एकाखाली 'पासून', दुसऱ्याखाली 'पर्यंत'ची अट घालतो. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर 1/10 म्हणजे 10 जानेवारी होते, हे आधी तपासावं.

दरापुढे '/-' मारलं की तो आकडा मजकूर बनतो आणि डीमॅक्स त्याला गाळतं. कदाचित तोच सर्वांत वरचा दर असतो. उलट 4250 ऐवजी 42500 पडलं तर सरासरी थोडी हलते, पण कमाल दर म्हणून नेमकी ती चूकच पुढे येते. म्हणून दराच्या रकान्याला आम्ही 2500 ते 7500 अशी मर्यादा घातली आहे. तेजीत ती वाढवावी लागते.

जुळणारी नोंदच नसेल तर उत्तर शून्य येतं. म्हणून शेजारच्या खान्यात त्याच चौकोनावर जुळणाऱ्या नोंदी मोजणारं डीकाउंट (DCOUNT) ठेवतो. किती सौद्यांतून हा दर निघाला, हे शेतकऱ्याला दाखवल्याशिवाय आम्ही दर सांगत नाही. पावती हवी तर सापडलेला दर अटीत घालून डीगेट (DGET) लावतो, ते जुळणाऱ्या एकाच नोंदीतली माहिती काढतं. तोच दर दोन पावत्यांना असला की ते चूक दाखवतं, तिथं फिल्टरच बरा.

2019 च्या एक्सेलपासून अटींनुसार कमाल आकडा काढणारं मॅक्सइफ्स (MAXIFS) आहे, त्याला चौकोन लागत नाही. तरी काउंटरवर आम्ही डीमॅक्सच ठेवलं आहे. अट समोर उघडी दिसते, आणि सूत्राला हात न लावता दिवाणजी गाव बदलू शकतात.