रानडुक्कर की गावडुक्कर?

साताऱ्यात पाटण, जावळीकडं रात्रीत भुईमुगाचं वावर उकरलेलं दिसलं की पहिला प्रश्न हाच. खरं तर दोन्ही एकाच जातीची. हजारो वर्षांपूर्वी रानडुकरंच माणसाळवून पाळीव डुक्कर तयार झालं, म्हणून आजही त्यांचा संकर होतो आणि ती पिल्लं पुढं वितातही. त्यामुळं गावाजवळच्या कळपात नुसत्या रंगावर जाऊ नका.

रानडुकराचं तोंड लांब नि सरळ, खांदे उंच, कमरेकडं उतार, मानेपासून पाठीवर राठ केसांची आयाळ. पळताना शेपूट सरळ वर. पाळीवाचं बहुधा वळलेलं. आणखी एक चांगली खूण रानडुकराच्या पिल्लांची: तपकिरी अंगावर फिकट लांब पट्टे, काही महिन्यांत ते जातात.

ओल्या मातीत दोन खुरांच्या मागं बाजूला दोन बारीक ठसे उठतात, पण ते दोघांचेही. म्हणून ठशावरून ठरत नाही.

पंचनाम्याआधी वावर नांगरू नका, फोटो काढा आणि भरपाईसाठी लगेच वनखात्याकडं अर्ज द्या. पाळीव डुकरांच्या नुकसानीला ती भरपाई नाही. कुंपणात घरची थेट वीज तर कधीच सोडू नका. पहाटे पाणी धरायला येणारा माणूस त्यात जातो.