दिवाळी आणि जाहिरात एकदमच येतात

आजची दुपार एका मिठाईवाल्या काकांकडे गेली. जाहिरातखर्च आणि विक्रीचं रिग्रेशन (एक आकडा बदलला की दुसरा किती बदलतो, याचं गणित) समोर होतं, पी-व्हॅल्यू ०.०५ या रूढ मर्यादेच्या बरीच खाली. काका म्हणाले, मग बजेट दुप्पट करू!

मी थांबवलं. खर्च वाढतो दिवाळीत, आणि दिवाळीत मिठाई तशीही खपतेच. दोघांत संबंधच नसता तर इतका ठळक आकडा क्वचितच दिसला असता, एवढंच पी-व्हॅल्यू सांगते. विक्री कशामुळे वाढली ते नाही.

मग ईबे या ऑनलाइन बाजाराचं उदाहरण सांगितलं (प्रत्येक व्यापाऱ्याला ते माहीत असावं असं मला मनापासून वाटतं). ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस या अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये अमेरिकेच्या काही भागांत ईबेच्या गूगलवरच्या जाहिराती बंद ठेवल्या, बाकीकडे चालू. साध्या रिग्रेशनमध्ये परतावा ४,१०० टक्क्यांहून जास्त दिसत होता, प्रयोगातून निघाला उणे ६३! जे येणारच होते तेच क्लिक करत होते. नव्या ग्राहकांवर मात्र परिणाम दिसला.

काका बराच वेळ गप्प. मग ठरलं, या वेळी निम्म्याच शाखांच्या परिसरात जाहिरात करायची, शाखा चिठ्ठ्या टाकून निवडायच्या. काकू म्हणाल्या, चिठ्ठ्या मी काढते.