परळच्या फुटपाथवर रात्रीचं जेवण वाटायचं काम, माझा अनुभव

दोन-तीन जणींनी विचारलं की हे नक्की कसं करता, म्हणून सविस्तर लिहितेय. मागच्या दिवाळीनंतर मी एका छोट्या ग्रुपमध्ये जॉईन झाले. लग्नाच्या हॉलमधलं उरलेलं चांगलं अन्न उचलायचं आणि टाटा हॉस्पिटलच्या आसपास फुटपाथवर राहणाऱ्या पेशंट आणि नातेवाईकांना वाटायचं, एवढंच काम. पैसे कुणाकडून घ्यायचे नाहीत, हा नियम आम्ही रॉबिन हूड आर्मी ह्या उरलेलं अन्न वाटणाऱ्या स्वयंसेवकांच्या संस्थेवरून घेतला, ती २०१४ ला दिल्लीत सुरू झाली आणि पैशाची देणगी घेत नाही.

पहिले दोन शनिवार हातात पळी मिळाली नाही, फक्त बघायचं. हॉलवरून फोन येतो रात्री साडेदहाला, आणि लगेच विचारायचं की किती वाजता शिजवलंय, कधीपासून बाहेर आहे, ताटात वाढलेलं आहे की टोपातलं. ताटातलं अजिबात नाही. पनीर, रायता, ओल्या खोबऱ्याचं वाटण घातलेलं काही असेल तर तेही नाही. मग तिथे जाऊन झाकण उघडून वास घ्यायचा, पळीने ढवळून बघायचं, डाळीला तार सुटली असेल तर अख्खा टोप परत. एका केटररने ह्यावरून खूप आवाज चढवला, "गरिबांना चालतं हो" म्हणाला. नाही चालत. केमो चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती आधीच कमी झालेली असते, आपल्या घरात चालणार नाही ते त्यांना तर मुळीच नाही.

तिसऱ्या शनिवारी मी वाढायला उभी राहिले. मसालेभात होता, गरम, छान वास येत होता. जळगावकडच्या एक काकू पत्रावळ घेऊन तशाच उभ्या राहिल्या, म्हणाल्या, बाई मी खाईन गं पण ह्यांच्या तोंडाचा कॅन्सर आहे, तिखट लागलं की डोळ्यातून पाणी येतं, ह्यांना काय देऊ? माझ्याकडे काही नव्हतं. त्या रात्री मला झोप लागली नाही खरंच.

पुढच्या मीटिंगमध्ये मी हेच मांडलं आणि तेव्हापासून आम्ही आधी विचारतो, मग शिजवतो. संध्याकाळी दोघं जण वही घेऊन फिरतात, साधं, बिनतिखट, मऊ, आणि ज्यांना नळीतून अन्न द्यावं लागतं त्यांच्यासाठी पातळ गाळलेली पेज, असे चार रकाने. हॉलचं जेवण नातेवाईकांना, आणि मुगाची खिचडी, पेज आमच्या घरांतून.

रेशनचं पण सांगते कारण लोक नेहमी विचारतात की ह्यांना सरकारी धान्य मिळत नाही का. मिळतं. बुलढाण्याचे एक काका होते, त्यांना वाटायचं गावचं कार्ड मुंबईत चालत नाही. वन नेशन वन रेशन कार्डमुळे चालतं, कार्ड नंबर आणि आधार घेऊन जायचं, मशीनवर अंगठा लावायचा. पहिल्या दुकानात सर्व्हर डाऊन, दुसऱ्या दिवशी परत या, मग तिसऱ्या खेपेला माणशी ५ किलोच्या हिशोबाने धान्य मिळालं आणि मला फार आनंद झाला. काका पिशवी मांडीवर घेऊन बसले आणि शांतपणे म्हणाले, ताई, शिजवू कुठं? फुटपाथवर ना शेगडी, ना पाणी, ना भांडं. शेवटी ते धान्य आमच्या एका मेंबरच्या घरी गेलं आणि त्याचीच खिचडी त्यांच्याकडे परत यायची. दुपारी १० रुपयांची शिवभोजन थाळी आहे, २०२० पासून, खूप आधार आहे तिचा, पण ती दुपारपुरती आणि तिच्यातली पोळी तोंड न उघडणाऱ्या माणसाने चावायची कशी. काकांसारखी माणसं घरी शेती असलेली, दुसऱ्याला जेवू घालणारी, इथे औषधाला पैसे पुरावेत म्हणून स्वतः एक वेळ चहा-बिस्किटावर काढतात, आणि मागायची सवय नसते म्हणून रांगेतही मागे उभी राहतात.

गाडगेबाबांनी भुकेलेल्याला अन्न पहिलं सांगितलं, दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत पेशंटची सोय होते, पण जागा मिळेपर्यंतचे दिवस फुटपाथवरच जातात.

ह्या शनिवारी वहीत पेजेचे १२ डबे लागलेत आणि शिजवणारी घरं ९ आहेत. परळ, लालबाग, शिवडीकडे राहणारं कुणी एक टोप करू शकत असेल तर शुक्रवार रात्रीपर्यंत कळवा, तांदूळ आम्ही आणून देऊ, तिखट-मसाला काही घालायचं नाही, मीठ पण अगदी कमी.