इरी-होरला भेटायला निघालो, वाळू बघून परतलो

इजिप्तमधल्या लुक्सर शहरातल्या एजंटाने छातीठोकपणे सांगितलं, "प्राचीन राजा इरी-होरचं थडगं आतून दाखवतो." मी भुललो. तुम्ही भुलू नका. अॅबिडॉस या प्राचीन स्थळाच्या साध्या तिकिटात उम्म अल-काब, म्हणजे त्याचं थडगं असलेली राजांची दफनभूमी, येत नाही, आणि उत्खननानंतर तिथली बरीच थडगी पुन्हा वाळूने बुजवली आहेत. 'आतून' वगैरे काही नसतं.

मी हट्टाला पेटलो होतो, कारण हा राजा, इजिप्तचा पहिला राजा मानल्या जाणाऱ्या नारमेरच्याही आधीचा, ५,००० वर्षांहून जुना. नाव लिहायचं म्हणजे एक ससाणा आणि खाली तोंडाची खूण. भोवती राजचौकट (राजाचं नाव जिच्यात लिहीत ती चौकट) नाही, म्हणून हा खरंच राजा होता का, अशी काही अभ्यासकांना शंका होती. २०१२ मध्ये सिनाईतल्या कातळावर नावेच्या चित्राबरोबर हेच नाव सापडलं आणि तो राजाच होता ही बाजू भक्कम झाली. थडगं म्हणजे मातीच्या विटांचे दोन खड्डे, मोठा साधारण ६ बाय साडेतीन मीटर. एवढ्यासाठी मी लुक्सरहून तीन तास गाडीत बसलो.

अॅबिडॉसमधल्या राजा सेतीच्या देवळामागून "दोनच पावलं" म्हणत गाइडने भर दुपारी वाळूत काढलं. पाऊल टाकावं तर घोट्यापर्यंत रुततं, सावलीचा पत्ता नाही, पाणी अर्धी बाटली. (चूक माझी. माणशी दोन लिटर घ्या, घोटा झाकणारे बूट घाला.) खासेखेमवी या प्राचीन राजाच्या कोटाच्या प्रचंड विटांच्या भिंती गाठल्या आणि तिथे पहारेकऱ्याने हात आडवा केला. पुढे वाळवंटात खापरांचा उंचवटा लांबूनच दिसला. उम्म अल-काब म्हणजे 'भांड्यांची आई'. आईचं दर्शन लांबूनच.

परतल्यावर गाइडने बक्षीस मागितलं. शब्द आपलाच, पण तिकडे काही जिंकावं लागत नाही. गाडीचे ८० डॉलर ठरले होते, मागितले १२०, वर "पोलीस चौक्यांमुळे उशीर झाला" हे कारण. अर्धा तास हुज्जत घातली आणि ९० वर सुटलो. भाडं कागदावर लिहून घ्या, त्यात 'थांबण्यासह' हा शब्द असू द्या, आणि अर्धे पैसे हॉटेलच्या दारातच द्या.

डेंडेराचं देऊळ आदल्या दिवशी झालं. छान आहे.

सेतीच्या देवळातली राजांची यादी मात्र चुकवू नका. ७६ नावं, सुरुवात मेनी या राजापासून. मी दोनदा वाचली. इरी-होर त्यातही नाही.