कमाटीबागेतला इतिहासाचा तास

महोत्सव समितीचं पत्र आलं, 'शाळेविषयी चार शब्द लिहा.' शाळेविषयी इतर बरेच लिहितील. मला लिहायचंय ते इतिहासाच्या बाईंविषयी. कुठल्या बाई, ते आपल्या बॅचना सांगायला नको, आणि नाव छापलेलं त्यांना खपायचंही नाही.

'सयाजीराव महाराजांचे शैक्षणिक कार्य' हा प्रश्न परीक्षेत हमखास यायचा. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचं शिक्षण, १९०६ मध्ये ते संस्थानभर, १९१३ साली भीमराव आंबेडकरांना अमेरिकेसाठी शिष्यवृत्ती. एवढं लिहिलं की पूर्ण मार्क. बाईंनी एकदा हेच उत्तर वर्गात मोठ्याने वाचून घेतलं आणि विचारलं, "शिकून परत आल्यावर त्यांचं काय झालं?"

वर्ग गप्प. आम्ही सगळे बडोद्याचे, कमाटीबागेत खेळून वाढलेले, आणि एकालाही माहीत नव्हतं.

त्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाई आम्हाला बागेत घेऊन गेल्या. पिशवीतून त्यांनी एक वही काढली. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेली बडोद्याची हकीकत त्यांनी मराठीत उतरवली होती. निळी शाई, समासात जागोजाग प्रश्नचिन्हं. कोलंबिया विद्यापीठात शिकून संस्थानच्या नोकरीत आलेला माणूस, आणि त्याला शहरात राहायला जागा नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. शेजारच्या दालनात फळ्या आणि मोडक्या खुर्च्यांची अडगळ, रात्री कंदिलाचा उजेड. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी लाठ्या घेऊन दारात. संध्याकाळपर्यंत चालते व्हा! एक हिंदू आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही घरात घेतलं नाही. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीला पाच तास होते. ते त्यांनी याच बागेत काढले.

मग बाई म्हणाल्या, "इथे त्यांनी अस्पृश्यता संपवण्याचा संकल्प केला असं सगळे सांगतात. या हकिकतीत तसं कुठे आहे, शोधा." वही हातोहात फिरली. दुःख होतं, आईवडिलांची आठवण होती, संकल्पाचा उल्लेख नव्हता. "म्हणजे लोक खोटं सांगतात?" कुणीतरी विचारलं. "तसं मी म्हटलं का? लोकांनी जपलेली आठवण वेगळी, त्यांनी लिहिलेलं वेगळं. कुठलं कुठून आलं ते आधी सांगता आलं पाहिजे. आणि १९२७ साली महाडच्या तळ्यावर काय झालं, ते सोमवारी वाचून या."

सोमवारी एक पालकही आले. महाराजांना कमीपणा येईल असं मुलांना कशाला शिकवता, अशी त्यांची तक्रार. बाई शांतपणे म्हणाल्या, "महाराजांनी शाळा काढल्या त्या मुलांनी वाचावं म्हणून. मुलं वाचताहेत." महाराजांविषयीचा माझा आदर त्या दिवसापासून वाढला, कमी झाला नाही.

आज मी वकिली करते. साक्षीदाराने स्वतः पाहिलं की ऐकलं, हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि तो बाईंचाच आहे. मराठी माध्यमाच्या तुकड्या कमी होत चालल्या याचं वाईट वाटतं. त्याहून वाईट वाटतं ते २३ सप्टेंबरला, त्या संकल्पाचा दिवस म्हणून, बागेत फोटो काढणाऱ्या आणि फोनवर आलेला मजकूर तसाच पुढे पाठवणाऱ्या मुलांचं. त्यांना "हे कुठे लिहिलंय?" असं विचारणारं कुणी भेटलेलं नाही.

आमच्या बॅचतर्फे ग्रंथालयाला एक कपाट देत आहोत. त्यात बाबासाहेबांचं आणि महाराजांचं मूळ लेखन मराठीत आणि गुजरातीत असेल. बाईंनी स्वतःचं नाव द्यायला साफ नकार दिला आहे. कपाटाला कुलूप नको, एवढी एकच अट त्यांनी घातली, आणि ती समितीने मान्य केली आहे.