खाली दातांचे डॉक्टर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी नागपुरातली प्लास्टिक सर्जन, आणि हा प्रश्न मला लग्नात जेवणाच्या रांगेत येतो, सोसायटीच्या मीटिंगनंतर येतो, एकदा तर वर्धा रोडच्या पेट्रोल पंपावर चाकांत हवा भरून घेताना आला: "डॉक्टर, तुम्ही आधी जळालेल्यांची ऑपरेशनं करायच्या ना? मग हे नाक, पोट, केस कधीपासून?" 'कधीपासून'वर जरा जोर असतो. देवळातली पुजारीण उठून दुकानात जाऊन बसली, असं काहीतरी त्यांच्या मनात असतं.

सुरुवात नाकापासून झालीच नाही. ती कानाच्या पाळीपासून झाली.

1998 साली धंतोलीत एका घराच्या वरच्या मजल्यावर मी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. खाली दातांचे डॉक्टर, वर मी. शिकले मेडिकलमध्ये. (बाहेरगावच्यांसाठी: नागपुरात 'मेडिकल' म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, औषधांचं दुकान नव्हे.) तिथला प्लास्टिक सर्जरी विभाग डॉ. सी. बालकृष्णन यांनी उभा केलेला, देशातल्या अगदी सुरुवातीच्या विभागांपैकी एक. दुभंगलेले ओठ आणि टाळू यांचं त्यांनी केलेलं वर्गीकरण 'नागपूर वर्गीकरण' म्हणूनच ओळखलं जातं: पहिल्या गटात नुसता ओठ, दुसऱ्यात नुसती टाळू, तिसऱ्यात दोन्ही. आम्हाला ते पाढ्यांसारखं पाठ. तेव्हा डोक्यात सगळं मोठंमोठं होतं. तुटलेली बोटं जोडायची, जळून छातीला चिकटलेली मान सोडवायची.

आणि जिना चढून आल्या काटोलकडच्या एक आजी. दोन्ही कानांच्या पाळ्या खालपर्यंत फाटलेल्या. जड झुमके वर्षानुवर्षं घातले की छिद्राची हळूहळू चीर होते, आणि मग एखाद्या दिवशी कडेवरचं नातवंड हिसका देतं. काम तसं लहान. पाळीपुरती भूल, अर्धा तास, आठवड्याभरानं टाके काढायचे. मेख एकच: फाटीच्या दोन्ही कडांवर कातडी कधीच भरून आलेली असते, ती आधी कापून कडा ताज्या कराव्या लागतात. तशाच टाचल्या तर जन्मात जुळायच्या नाहीत. पुन्हा टोचायचं ते दोन-तीन महिन्यांनी, आणि वणाच्या जरा बाजूला.

आजी उठताना म्हणाल्या, "सुनेले सांगू नका बाप्पा. दात दाखवाले चालली म्हणून सांगून आली मी."

त्या वर्षी पाळ्या किती शिवल्या, मोजल्या नाहीत. तेव्हा मला त्याची थोडी लाज वाटायची. इतकं शिकून शिवणकाम! पुढे केव्हातरी सुश्रुतसंहिता उघडली. सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय कान टोचण्याचा आहे. त्यात पाळी सांधायचे पंधरा प्रकार दिलेत, आणि नवं नाक करायची जी कृती जगभर सांगितली जाते ती त्याच अध्यायाच्या शेवटाकडे येते. आधी कान, मग नाक. क्रम बरोबर होता म्हणायचा माझा.

पण माझी प्रॅक्टिस कशी वाढली हे समजून घ्यायचं असेल तर सुश्रुतापेक्षा खालचे दातांचे डॉक्टर महत्त्वाचे. इतर डॉक्टरांचं नाव पेशंटच्या तोंडून पसरतं. गुडघा बदलून आलेला माणूस बागेत चार जणांना चालून दाखवतो. माझा पेशंट बरा झाला की गप्प होतो. नाक सरळ झालेली मुलगी घरी सांगते, सायनसचं ऑपरेशन होतं. पोटाची लोंबती कातडी काढून घेतलेल्या बाई 'हर्निया' म्हणतात. धंतोलीतल्या त्या जिन्यावर कुणी ओळखीचं भेटलं तर दाढेवर हात ठेवायची सोय होती. डॉक्टर मला चिडवायचे, "मॅडम, माझ्या निम्म्या पेशंटचे दात दुखतच नाहीत."

मग लोक आले कुठून? पार्लरवाल्यांकडून. चेहऱ्याला रोज हात लावणाऱ्या त्या बायकांना कुणाला काय खुपतं ते नवऱ्याआधी कळतं. तिथून बहिणीला बहीण, आणि बऱ्याच वर्षांनी बहिणीच्या नवऱ्याला मेव्हणी. बालाघाट, छिंदवाडा, शिवनी, राजनांदगाव इथून लोक येत ते नागपूर मोठं म्हणून, आणि इथे त्यांना ओळखणारं कुणी नसतं म्हणूनही.

लपवालपवीची मला सवय होती. जळीत वॉर्डातून आलेली होते मी. तिथे प्रत्येक बाईचा स्टोच भडकलेला असायचा. सासू पलंगाच्या पायथ्याशी उभी, आणि बाई छताकडे बघत म्हणायची, स्टो भडकला. वर्षभरानं तीच हात सरळ होत नाही म्हणून यायची तेव्हाही गोष्ट तीच. तिची कातडी मांडीवरून काढून कोपरावर लावताना, आणि आजच्या एखाद्या बाईचं पोट शिवताना, मी तेच धागे वापरते आणि वण कातडीच्या घडीत लपवायची तीच खटपट करते. म्हणून 'ते सोडून हे' असं म्हटलं की मला उत्तर सुचत नाही. सोडलं काहीच नाही. घरोघरी गॅस आला, स्टो गेले, तसे माझ्याकडे येणारे जळीत पेशंट कमी झाले. याचं मला दुःख करता येत नाही.

सरकारला मात्र हा फरक पक्का कळतो. 2017 साली जीएसटी आला तेव्हा उपचारांना सूट मिळाली, कॉस्मेटिक सर्जरीला 18 टक्के लागला. जन्मजात व्यंग किंवा अपघात असेल तर सूट. म्हणजे मोटारसायकलवरून पडून वाकडं झालेलं नाक करमुक्त, आणि वडिलांकडून आलेलं तसलंच नाक करपात्र. बिलं करणाऱ्या आमच्या मुलाला हे समजावताना मलाच हसू आवरेना.

मला सगळ्यात आवडणारे पेशंट म्हणजे पोलीस-सैन्य भरतीची पोरं. गडचिरोली, भंडारा, यवतमाळकडची. पहाटे चारला उठून रस्त्यावर धावणारी, आणि छाती बायकांसारखी वाढली म्हणून भरतीच्या वैद्यकीय तपासणीत बाद होण्याची धास्ती घेतलेली. वयात येताना बऱ्याच मुलांना हे होतं, आणि बहुतेकांचं वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातं. म्हणून सतरा वर्षांच्या पोराला मी थांबायला सांगते. ज्याचं जात नाही त्याची आतली गाठ स्तनाग्राच्या कडेनं काढायची, भोवतीची चरबी नळीनं ओढायची. हेसुद्धा कॉस्मेटिकच. ही पोरं फीचे पैसे बापानं सोयाबीन विकल्यावर आणतात, आणि ऑपरेशनआधी एवढंच विचारतात: "मॅडम, धावता कधी येईल जी?"

केसांचं मी उशिरा सुरू केलं आणि त्यात फार रमले नाही. डोक्याच्या मागून एकेक मूळ काढून पुढे रोवायचं, सात-आठ तास. हा धंदा इतका फोफावला की गाळा तिथे सेंटर झालं. 2022 साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाला सांगावं लागलं की व्हिडिओ पाहून हे शिकता येत नाही. अशा ठिकाणांहून बिघडून आलेली डोकी माझ्याकडे येतात. मागचं टक्कल पुढच्यापेक्षा मोठं. मागची मुळं संपली की ती आणायची कुठून? बऱ्याचदा मी हात जोडते.

2009 साली रामदासपेठेत स्वतःची जागा घेतली. आर्किटेक्टनं पुढे रस्त्याकडे काचेची मोठी भिंत काढून दिली. नकाशा छान होता. पण खाली दातांचे डॉक्टर नव्हते. मी म्हटलं, मागच्या गल्लीत उतरणारा एक जिना हवा. तो म्हणाला, जागा वाया जाईल.

आता पंचविशीतली मुलं पुढच्या दारानं येतात, पाटीसमोर फोटो काढतात, बोटॉक्स केलं म्हणून मैत्रिणींना गाडीतूनच फोन लावतात. मागच्या जिन्यानं येणारे निम्म्याहून कमी झालेत, पण आहेत. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमारास येतात, बहुतेक माझ्या वयाच्या बायका, पदर कानावरून घेतलेला. तिथला बल्ब गेला तर आमच्या सिस्टर पुढची पाटी बंद असली तरी आधी तो बदलून घेतात.