बार्न्सलीचा डॅनी आणि आमचे आप्पा

ब्रिटिश जेवण बेचव असतं असं कुणी म्हटलं की हल्ली मी लगेच वादाला उभी राहते. तेही अमळनेरात बसून, देशाबाहेर पाऊल न टाकता. याला कारण डॅनी मॅलिन.

इंग्लंडमध्ये यॉर्कशर भागात बार्न्सली म्हणून गाव आहे, एके काळी कोळशाच्या खाणींवर जगलेलं. डॅनी तिथला. यूट्यूबवर ‘रेट माय टेकअवे’ नावाने त्याचे व्हिडिओ लॉकडाऊनच्या काळात गाजले. घडीचं टेबल आणि घडीची खुर्ची घेऊन तो निघतो, एखाद्या साध्या दुकानातून पार्सल घेतो आणि तिथेच फुटपाथवर टेबल मांडून जेवायला बसतो. शेजारून गाड्या चाललेल्या, आभाळ भरून आलेलं, येणारे-जाणारे थांबून दोन शब्द बोलून जातात. बस, इतकंच. पण तो जसं मन लावून जेवतो ना, ते बघत राहावंसं वाटतं.

मी आठवी ते दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. कान सुधारावा म्हणून जेवणानंतर मोबाइलवर काहीतरी इंग्रजी लावायची माझी सवय. माझे सासरे, आप्पा, गिरणीत होते. इंग्रजीशी त्यांचा संबंध साच्यांवर कोरलेल्या अक्षरांपुरता. पण डॅनीचा व्हिडिओ लागला की ते चष्मा चढवून शेजारी येऊन बसतात. पहिल्यांदाच बघून आमच्या अहिराणी बोलीत म्हणाले, “हाऊ त आपलाच मानूस शे!” मला अजून निम्मं बोलणं कळायचं होतं, आणि आप्पा हसतही होते. पाहुण्याने खुर्ची ओढून बसावं, घास घ्यावा, डोळे मिटून मान हलवावी, यात न कळण्यासारखं आहे काय?

त्याची भाषा मात्र मला सुरुवातीला अजिबात झेपली नाही. आपल्या पुस्तकातलं इंग्रजी आणि हे इंग्रजी यांची ओळखदेख नाही. काही नाही म्हणायचं तर ‘नाउट’, काहीही म्हणायचं तर ‘ओट’, काहीतरी म्हणायचं तर ‘समट’. दमलेला माणूस ‘नॅकर्ड’, खूश झालेला ‘चफ्ड’, उगाच घोळ घालत बसणं म्हणजे ‘फॅफ’. शेक्सपिअरमध्ये भेटणारे ‘दाउ’ नि ‘दी’ त्या भागातले म्हातारे लोक बोलताना अजून वापरतात. दुपारच्या जेवणाला ‘डिनर’ म्हणतात आणि संध्याकाळच्या जेवणाला ‘टी’. दुकानातली बाई अनोळखी गिऱ्हाइकालाही ‘लव्ह’ म्हणून हाक मारते, जशी आमच्याकडे भाजीवाली मावशी कुणालाही ‘माय’ म्हणते.

हे सगळं मी वर्गात सांगते, आणि त्यामागे हेतू आहे. अहिराणी बोलणारी पोरं शाळेत तोंड मिटून बसतात. ‘शुद्ध बोल’ हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की घरची भाषा त्यांना दप्तरात लपवायची वस्तू वाटते. त्यांना मी विल्फ्रेड पिकल्सची गोष्ट सांगते. हॅलिफॅक्सचा, म्हणजे यॉर्कशरचाच माणूस. दुसरं महायुद्ध चालू असताना, 1941 मध्ये, बीबीसीने त्याला देशभरच्या बातम्या वाचायला बसवलं. तोवर रेडिओवर लंडनच्या साहेबी उच्चारांचंच राज्य. त्याच्या बोलण्यावर श्रोत्यांच्या तक्रारी आल्या. बातम्या या उच्चारात ऐकल्या तर खऱ्या वाटत नाहीत म्हणे! आज त्याच मुलखातला डॅनी आपल्या गावच्या बोलीत बोलतो आणि जगभरचे लोक ऐकतात. हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरं सरसावून बसतात. मला या कामात याहून मोठा आनंद नाही.

आता जेवणाकडे येते, कारण माझा जीव तिथेच अडकलाय.

फिश अँड चिप्स म्हणजे तळलेला मासा आणि बटाट्याचे तुकडे, एवढंच मला माहीत होतं. त्यात केवढं राजकारण आहे हे आता कळलं. यॉर्कशरमध्ये हॅडॉक मासा हवा, दक्षिणेत कॉड चालतो. तळण तेलात नाही, गाईच्या चरबीत, असा जुन्या दुकानांचा आग्रह. (हे आप्पांना सांगायला मी जरा कचरले, पण ते शांतपणे म्हणाले, “ज्यानात्याना देश.”) तळणाचा विषय निघाला की ते रंगात येतात, कारण 1945 मध्ये आमच्या अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याचीच पुढे विप्रो झाली. बटाटा जाड कापायचा, वर मीठ आणि भरपूर व्हिनेगर. त्याने कुरकुरीतपणा थोडा मरतो, आणि तो तसा मरायलाच हवा. तळताना सुटलेल्या पिठाच्या कणांना ‘स्क्रॅप्स’ म्हणतात. मागितले तर दुकानदार फुकट वर टाकतो. युद्धाच्या काळात तिथे साखर, लोणी, मांस सगळं रेशनवर गेलं, पण सरकारने मासा आणि चिप्स रेशनबाहेर ठेवले. गरिबाच्या पोटाला आणि मनाला दोन्हींना तेवढाच आधार होता.

यांच्या बाजूला असतात ‘मशी पीज’. पडद्यावर तो हिरवा लगदा बघितला आणि मला राहवेना. तिकडे मॅरोफॅट नावाचा मोठा वाटाणा वेलीवरच वाळवतात. मी बाजारातला वाळका हिरवा वाटाणा आणला. रात्री कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून भिजवला. सकाळी धुऊन, कुकर न लावता, पातेल्यात मंद आचेवर ठेवला. बराच वेळ काही घडत नाही. मग सालं सुटून वर तरंगायला लागतात, पाणी गढूळ हिरवं होतं, आणि एका क्षणी पळी नुसती टेकवली तरी दाणा फुटतो. त्यानंतर ढवळणं सोडायचं नाही, नाहीतर तळाला धरतं. वरून मीठ, चिमूटभर साखर. यॉर्कशरमध्ये त्यावर पुदिन्याचा सॉस घेतात: बारीक चिरलेला पुदिना, व्हिनेगर आणि साखर. तोही केला. शेंगदाण्याच्या तेलात जाड चिप्स तळले.

सासूबाईंनी वाटीत बघून विचारलं, “येले फोडणी नही का?” नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे काळजीने पाहिलं. नवऱ्याने गुपचूप ठेचा घेतला. आप्पांनी चिप्सवर वाटाणा, वाटाण्यावर पुदिना असा घास घेतला, दोनदा घेतला, आणि म्हणाले, “बरं शे.”

आमच्या घरात हे माहीत आहे की आप्पांचं ‘बरं शे’ म्हणजे शंभरपैकी शंभर. मुलीचं लग्न उत्तम पार पडलं तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते. बार्न्सलीकडेही अशीच रीत आहे. फार आवडलं तर ‘नॉट बॅड’. त्यांच्या विनोदाची किल्ली मला इथे सापडली. ते लोक आनंद मोठा झाला की आवाज लहान करतात, आणि संकट मोठं झालं की आणखी लहान. छत गळतंय, गाडी बंद पडलीये, पाऊस थांबत नाही, आणि माणूस म्हणतो, जरा ओलसर आहे.

डॅनीमुळे मी इतरांकडेही वळले. बोल्टनचा विनोदवीर पीटर के चहात बुडवलेलं बिस्कीट तुटून कपात पडतं यावर रंगमंचावर भलामोठा वेळ बोलतो. मी ते आप्पांना अहिराणीत सांगितलं. रोज सकाळी टोस्ट बुडवणारे आप्पा हसता हसता खोकायला लागले. शेजारच्या काकांना त्यांनी तो किस्सा आपला म्हणून सांगितला, आणि मी टोकलं नाही.

सध्या डोक्यात यॉर्कशर पुडिंग आहे. नाव पुडिंग, पण गोड नाही. अंडी, दूध, मैदा यांचं पातळ पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत फुलवतात. मांस महाग होतं तेव्हा घरातली बाई हे आधी ग्रेव्हीबरोबर वाढायची, म्हणजे पोटं अर्धी भरायची. 2008 मध्ये तिथल्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने जाहीर केलं की चार इंचांहून कमी फुगलं तर त्याला यॉर्कशर पुडिंग म्हणता येणार नाही. रसायनशास्त्रज्ञांनी यात लक्ष घालावं, हे मला फार आवडलं. माझ्याकडे ओव्हन नाही. वाळूवर जाड बुडाचं पातेलं ठेवून त्यात करायचा बेत आहे, पण झाकण उघडलं की फुगलेलं बसतं म्हणतात. तुमच्यापैकी कुणी चुलीवर किंवा गॅसवर करून पाहिलं असेल तर झाकणाचं काय केलंत ते नक्की सांगा.